मापाचा ब्लाऊज

सुगंधा परबला किळस फार. कुणाला पालीची येते, कुणाला दुधावरच्या सायीची येते, तशी एखाद्या गोष्टीची नव्हे. हिला उभ्या जगाची यायची. कोकणात जन्म घेऊन तिने कधी बांगडा साफ केला नाही. "हिका बामणाच्या घरात जन्माक घालूक होया होता," असं तिची आई म्हणायची. सासरी पहिल्याच दिवशी सासूने सुरमईचं डोकं पुढ्यात ठेवलं आणि नवी सून उठून मोरीत ओकली. नवरा गुणाजी भला माणूस. पुढे मासळी तोच साफ करी आणि शेजारणी त्याला हसत. तो काविळीने अकाली गेला. मूल नव्हतं. मग सुगंधाने माहेरी परत न जाता मुलुंडला, पाच रस्त्याच्या मागच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत पायमशीन टाकलं आणि ब्लाऊज शिवायला घेतले.

हात मोठा सफाईचा होता. तिचा ब्लाऊज अंगात घातला की बाई आरशासमोरून हलायची नाही. सोसायट्यांमधल्या मास्तरणी, बँकेतल्या बायका, चाळीतल्या नव्या नवऱ्या, सगळ्या तिच्याकडे येत. पण जन्मात तिने कुणाच्या अंगाला टेप लावली नव्हती. लागतच नसे. नीट बसणारा एक जुना ब्लाऊज बायका आणून द्यायच्या, तोच समोर पसरून नवा बेतायचा. त्याला म्हणायचं मापाचा ब्लाऊज. परक्या बाईसमोर पदर काढायला नको म्हणून बायका खूश, आणि परक्या बाईच्या काखेत हात घालायला नको म्हणून सुगंधा खूश.

फक्त हे मापाचे ब्लाऊज म्हणजे तिच्या जिवाला ताप होता. बायका सरळ अंगातला काढून पिशवीत कोंबून आणायच्या. काखेत घामाची पिवळी वर्तुळं, पाठीला पावडरीचा लगदा, बाहीला फोडणीचा वास. तान्ह्या मुलांच्या आयांचं तर विचारूच नका. सुगंधा तोंड फिरवून पिशवी उघडायची. आतला ब्लाऊज लाकडी पट्टीच्या टोकावर उचलायची, मेलेला उंदीर उचलावा तसा, आणि बाईच्या तोंडावर सांगायची, "शी! धुऊन आण आधी. मी शिंपीण आहे, धोबीण नाही." शेवटी तिने दाराला पुठ्ठाच टांगला: 'मापाचा ब्लाऊज धुतलेलाच घेतला जाईल.' गिऱ्हाइकं पाठीमागे तिला सोवळी शिंपीण म्हणत. तिच्या कानावर यायचं, पण तिला त्याचं काही वाटत नसे. लोक घाणेरडेच असतात असं तिचं ठाम मत होतं, आणि ते खोटं ठरेल असं लोकांनी कधी काही केलं नाही.

जिच्या हातचं पाणी ती डोळे मिटून प्यायची अशी जगात एकच बाई होती, तिची भावजय जानकी. थोरला भाऊ धोंडू घाटकोपरला टेकडीवरच्या चाळीत राहायचा. आधी गिरणीत होता. संपात गिरणी सुटली ती सुटली, मग विक्रोळीच्या एका कारखान्यावर वॉचमन लागला. जानकी त्याची बायको. घर असं ठेवायची की लादीवर भात कालवून खावा. नणंद जेवायला येणार असली की मासळी गॅलरीच्या टोकाला नेऊन साफ करायची, काटा काढून नुसतं तिखलं वाढायची, आणि त्यावरून कधी टोमणा मारायची नाही.

त्याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. गुणाजी शेवटच्या दिवसांत अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याचं सगळं केलं ते जानकीने. बायको नाकाला पदर लावून दाराबाहेर उभी, आणि मेहुण्याची बायको त्याची ओकारी पुसतेय, चादर बदलतेय. परत घरी जाताना जानकी फक्त एवढंच म्हणाली होती, "तुका जमणा नाय ता तुका जमणा नाय. माका जमता. त्येत काय मोठा?" सुगंधाच्या मनात ते कायमचं रुतलं होतं.

जानकी दर महिन्याला मुलुंडला यायची आणि बेतताना उरलेल्या चिंध्या पिशवी भरून न्यायची. गोधडी शिवायचीय म्हणायची. गेल्या गणपतीपासून तिची मागणी जरा बदलली होती. रंगीत नकोत, अस्तराचे मऊ पांढरे तुकडे दे. एवढी पांढरी गोधडी कुणासाठी, असं सुगंधाने एकदा विचारलंही. "कुंदाच्या पोरांका," असं सांगून जानकी हसली होती.

कुंदा म्हणजे धोंडूची एकुलती एक मुलगी. त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, तिचं लग्न ठरलं. बोरिवलीचं स्थळ, मुलगा टेलिफोन खात्यात, मुहूर्त वैशाखातला. सगळं झकास चाललं होतं. आणि शिमग्याच्या आधी एके दिवशी आंघोळ करताना कुंदाच्या हाताला छातीत गाठ लागली. गोटीएवढी. बोटाखालून इकडून तिकडे पळायची, आणि पाळी जवळ आली की ठणकायची.

घराच्या तोंडचं पाणी पळालं. धोंडूने रजा टाकली. बोरिवलीकरांना सुगावा लागता कामा नये म्हणून शेजारी-पाजारी कुंदाला खोकला झाल्याचं सांगितलं. पालिकेच्या इस्पितळात बायकांच्या रांगेत पुरुष कुठे उभा राहणार, म्हणून सुगंधाला बोलावणं आलं. सुगंधा, जानकी आणि मध्ये रडून डोळे सुजलेली कुंदा, अशा तिघी सकाळी जाऊन बाकावर बसल्या.

त्या बाकाची सुगंधाला पुढे कितीतरी दिवस शिसारी येत होती. फिनेलचा वास, कुणाचं तरी पोर मुतलेलं, आणि बायकांच्या गप्पा. छातीचं दुखणं घेऊन आलेल्या बायका एकमेकींना दुखणं सांगत होत्या. कुणाचं पाळीच्या आधी दगडासारखं होत होतं, एका बाळंतिणीचं दूध साकळून लाललाल झालं होतं, एकीला झोपेत कूस बदलता येत नव्हती. जी ती मोठ्या आवाजात बोलत होती. बाकाच्या टोकाला फक्त एक म्हातारी गप्प होती. तिला काही दुखत नव्हतं म्हणे. सुनेने ढकलून आणली होती. तिने डाव्या अंगाला पदराचा बोळा धरला होता आणि तिथून एक वास येत होता. गोडसर, कुजका, फुलांच्या परडीत खाली राहून गेलेल्या निर्माल्यासारखा. एकेक बाई उठली. सुगंधा तर पहिली उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बघता बघता बाक रिकामा झाला. एकटी जानकी तेवढी म्हातारीच्या शेजारी तशीच बसून राहिली. काय बाई भिडस्त, सुगंधाला वाटलं, उठायला काय झालं हिला?

डॉक्टरीणबाई दमलेली होती आणि तोंडाची फटकळ होती. तिने कुंदाला तपासलं आणि म्हणाली, "साधी गाठ आहे गं. तुझ्या वयाच्या कितीतरी पोरींना होते. पळते ना, ती बरी. काढून तपासायला पाठवू, पण रडू नकोस." मग दाराकडे बोट दाखवून ती सुगंधाला म्हणाली, "बाहेरच्या सगळ्या दुखतं म्हणून आल्यात, आणि बहुतेक सगळ्या धडधाकट घरी जातील. न दुखणारी गाठ घेऊन बायका घरी बसतात. मला भीती तिची. ती दगडासारखी असते, जागची हलत नाही, आणि दुखत नाही म्हणून कुणी दाखवत नाही. मुलीची आई कुठाय? तिलाही आत बोलवा, एकदा बघून ठेवू."

सुगंधाने दारातून हाक मारली. जानकी बाकावरूनच म्हणाली, "माका काय झाला नाय. माका कशाक?" आणि म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

कुंदाची गाठ काढली, तिचं निदान आलं. साधीच निघाली. घराने सुटकेचा निःश्वास टाकला. धोंडूने नारळ फोडून देवाला गाऱ्हाणं घातलं. सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि टाका दिसू नये अशा गळ्याचा ब्लाऊज कुंदाला शिवून दे म्हणून सुगंधाला फर्मान निघालं. एका पळत्या, ठणकत्या, निरुपद्रवी गाठीसाठी माणसं अशी धावली.

मग लग्नाचे ब्लाऊज शिवायला आले. कुंदाचे झाले, मावश्यांचे झाले. सर्वांत शेवटी कुंदा आईचा मापाचा ब्लाऊज घेऊन आली. सुगंधाने पिशवी उघडली आणि झटक्यात मान मागे घेतली. डाव्या बाजूला छातीच्या कटोरीवर मोठा पिवळट-तांबूस डाग होता. वाळून कापड पुठ्ठ्यासारखं ताठ झालं होतं, आणि वास तर असा की तिने आधी खिडकी उघडली. जानकीचा ब्लाऊज? तिचा विश्वासच बसेना. आणि जानकीचा होता म्हणूनच तिला जास्त राग आला. ज्या एका घराची तिला किळस येत नव्हती तिथूनही शेवटी हेच यावं!

"हे काय गं, कुंदा? लग्नाच्या घरात ही घाण? तुझ्या आईला सांग, दुसऱ्या कुणाचा असता तर रस्त्यावर फेकला असता." तिने तो पट्टीने उचलून वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पोरीच्या हातात परत दिला.

दोन-चार दिवसांनी तोच ब्लाऊज परत आला. धुतलेला, खळ घातलेला, इस्त्रीसुद्धा केलेला. सोबत निरोप होता. बाय, चुकलंय. रागावू नको. डाव्या अंगाक जरा सैल ठेव आणि अस्तर दुहेरी घाल. सुगंधाने बडबडत बडबडत तसा शिवला. एका बाजूला सैल, एका बाजूला घट्ट, असा ब्लाऊज तिने जन्मात शिवला नव्हता. जानकीला आता म्हातारचळ लागला, असं तिने ठरवून टाकलं.

ब्लाऊज द्यायला ती स्वतः घाटकोपरला गेली. दुपार होती. धोंडू पत्रिका वाटायला बाहेर गेला होता, कुंदा नळावर होती. दार उघडलं तशी उदबत्तीच्या धुराची भिंतच अंगावर आली. पाच-सहा उदबत्त्या एकदम पेटलेल्या. डेटॉलचा वास. आणि त्या दोन्ही वासांच्या खालून तिसरा एक वास आला, तो सुगंधाने ओळखला. इस्पितळाच्या बाकाच्या टोकाला बसलेल्या म्हातारीचा वास.

"वयनी," ती म्हणाली, "पदर काढ."

"घालून बघतंय मगे. तू चाय घे आदी."

"चहा गेला खड्ड्यात. पदर काढ म्हणते ना!"

जानकीने पदर काढला नाही, पण सुगंधाने ओढला तेव्हा तिने अडवलंही नाही. ब्लाऊजच्या आत चिंध्यांची घडी बांधली होती. पांढऱ्या, मऊ, अस्तराच्या चिंध्या. सुगंधाने स्वतःच्या कात्रीने कापलेल्या, पिशवी भरभरून दिलेल्या. वरच्या कोऱ्या होत्या, खालच्या चिकटल्या होत्या. जानकीने पाणी लावून त्या हलकेच सोडवल्या आणि आतलं दाखवलं. छाती अशी राहिलीच नव्हती. लाल-काळं, कडा उलटलेलं, मध्ये खोल गेलेलं काहीतरी होतं, त्यावर हळदीचा लगदा फासलेला होता आणि त्यातून पाणी पाझरत होतं.

सुगंधा मोरीकडे धावली आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकली. मागून जानकीचा आवाज आला, "तरी सांगा होतंय, बघू नको म्हणान. तुका जमणा नाय." तिने नणंदेच्या हातावर तांब्यातून पाणी ओतलं. जखम उघडी टाकून ती आधी नणंदेला चूळ भरायला पाणी देत होती, आणि ते पाहून सुगंधाला स्वतःचीच अशी शिसारी आली की दुसऱ्यांदा ओकायला पोटात काही उरलं नव्हतं म्हणून बरं.

हळूहळू सगळं बाहेर पडलं. गाठ दीड वर्षांपासून होती. आधी सुपारीएवढी. दुखत नव्हती, म्हणून जानकीने कुणाला सांगितलं नाही. दुखत नाही त्याला दुखणं कसं म्हणायचं? मग ती वाढली. धोंडूला कळलं. त्याने गावाकडच्या कुठल्याशा वैदूकडून औषध आणलं. गळूच असेल, पिकून फुटेल म्हणून चुना-गूळ लावला. गळू पिकलं नाही, कातडी मात्र जळून फुटली. कुंदाला अजूनही ते गळूच वाटत होतं.

"म्हणजे दादाला माहीत होतं?"

"तेंका म्हायती आसा. लगीन होवंदे म्हणतत. बोरिवलीकरांका कळला तर म्हणतले, रक्तातच आसा. चेडवाचा लगीन मोडात."

"आणि त्या दिवशी इस्पितळात? डॉक्टरीण तुला बोलवत होती, मी बोलवत होते. दारातच तर बसली होतीस!"

जखमेवर नवी चिंधी ठेवत जानकी म्हणाली, "कुंदाक इस्पितळात नेवची होती ना, तेच्या आदल्या दिवशी मी देवाक सांगलंय. चेडवाची पिडा माझ्या अंगार घाल, तिका सोड. देवान ऐकल्यान. तिची साधी निघाली. आता मी माझी कापून काढलंय तर ती परत तिच्या अंगार जायत. देवाक दिलेला परत घेवचा नसता, बाय."

सुगंधाने बोटांवर महिने मोजले. दीड वर्षापूर्वीची गाठ, दोन महिन्यांपूर्वीचं बोलणं; कसला हिशेब, कसला देव! पण जानकीचा चेहरा शांत होता. तिला डॉक्टरची भीती नव्हती, मरणाची नव्हती. देवाशी सौदा केला होता आणि तो ती इमानाने पाळत होती. अशा बाईला कसं हलवायचं?

तेवढ्यात धोंडू आला. नवा शर्ट, हातात पत्रिकांची पिशवी, कपाळाला कुंकू. उघड्या जखमेकडे बघून त्याने आधी दार लावून घेतलं आणि नाकाला रुमाल लावला. "अगो, हळू बोल. शेजारी लग्नाचे पापड लाटतत. लोकांका कळला तर वाट लागात."

"लाज नाही वाटत रे दादा तुला?"

"मी काय करू? एक म्हयनो रवला. लगीन होवंदे, मगे बघूया."

सुगंधाचं लक्ष गॅलरीकडे गेलं. तिथे एक वळकटी होती. "ही कुणाची?" धोंडू पत्रिकांची पिशवी खुंटीला अडकवू लागला. जानकीनेच सांगितलं, अगदी सहज, "ते भायर झोपतत. वासान झोप लागणा नाय. डुटी असता ना सकाळची."

त्या क्षणी सुगंधाला जी किळस आली तशी तिला माशाच्या डोक्याची आली नव्हती, त्या म्हातारीची आली नव्हती, आत्ता त्या जखमेचीही आली नव्हती. सख्खा भाऊ, तिच्या पाठीला पाठ लावून वाढलेला, इस्त्रीच्या शर्टात उभा होता आणि तिला त्याच्याजवळ उभं राहवेना. तो स्वच्छ होता. त्याच्या अंगाला साबणाचा वास येत होता. "सर," ती म्हणाली, "माझ्या वाटेतून सर. तुझी घाण वाटतेय मला."

भिंतीवर देवाची तसबीर होती, खाली लग्नासाठी आणलेले नारळ रचले होते. सुगंधाने त्यातला एक उचलला आणि देवासमोर ठेवला. गाऱ्हाणं घालणं हे पुरुषाचं काम. त्या घराण्यात बाईने कधी घातलेलं कुणी ऐकलं नव्हतं. हिने पदर खोचला आणि शेजारच्या पापड लाटणाऱ्या बायकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या देवा म्हाराजा! ह्या जानकीन पोरीच्या भयान तुझ्याकडे जा काय वाकडा-तिकडा मागल्यान, ता आज तुझ्या पायाशी परत मागून घेतलंय. ता तिचा बोलणा नव्हता, भयाचा बोलणा होता. पोरीची इडापिडा पोरीपाशी संपली. आता आईक सोडव. आणि देवा म्हाराजा, हे पाप कोणाच्या तरी माथ्यार पडाचाच असात तर ता भायर झोपणाऱ्याच्या माथ्यार घाल!"

गाऱ्हाण्याला होकार लागतो. होकार नसला तर ते देवापर्यंत पोचत नाही असं मानतात. धोंडू खाली बघत होता. आणि दारातून आवाज आला, "व्हय म्हाराजा!" पाण्याची कळशी काखेत धरून कुंदा उभी होती. ती कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. तिने कळशी ठेवली, आईसमोर बसली आणि पुन्हा म्हणाली, यावेळी रडत, "व्हय म्हाराजा. आई, चल."

जानकीने लेकीकडे पाहिलं, तसबिरीकडे पाहिलं, आणि ती निमूटपणे पदर सारखा करू लागली.

त्याच डॉक्टरणीने तपासलं. ती या वेळी फटकळ बोलली नाही, आणि त्यावरूनच सुगंधा काय ते समजली. काखेतही गाठी होत्या. आता कापून सगळं निघणार नव्हतं. परळच्या मोठ्या इस्पितळात किरणांचे शेक द्यायचे, जखम सुकली तर सुकली. "शिमग्याआधी आली होतीस तेव्हाही उशीर झालाच होता," डॉक्टरीण जानकीला म्हणाली, "पण इतका नव्हता." जानकीने मान हलवली. तिने विचारलं एवढंच, की लग्नापर्यंत वास कमी होईल का.

बोरिवलीकरांना कुंदाने स्वतः सांगितलं. आईचंही आणि स्वतःच्या टाक्याचंही. मोडायचं तर मोडा, म्हणाली. नवऱ्यामुलाची आई रत्नप्रभाबाई दुसऱ्याच दिवशी आली. साडी आवरून दाराशीच बसली, चहाला हात लावला नाही. लग्न मोडणार नाही, म्हणाली, आम्ही तसली माणसं नाही. फक्त मुहूर्त अलीकडे घेऊ या. "नाहीतर काय, यांचं मध्येच काही बरंवाईट झालं तर वर्षभर थांबावं लागेल. हॉलचे पैसे भरलेत आम्ही." हे तिने जानकीसमोर सांगितलं, जणू जानकी शेजारच्या खोलीत होती. सुगंधाच्या हाताशी चहाची किटली होती; ती तिच्या अंगावर ओतावी असं तिला फार वाटलं. पण जानकीचा चेहरा उजळला होता. "व्हय व्हय," ती म्हणत होती, "लवकर होवंदे. बरा झाला."

लग्नाचा म्हणून शिवलेला ब्लाऊज आता तिला होईना. खांदे उतरले होते, एक हात सुजून दुप्पट झाला होता. मापाला द्यायला काही उरलंच नव्हतं. तेव्हा सुगंधाने तिला समोर बसवलं, टेप घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा एका बाईच्या अंगाचं माप घेतलं. काखेखालून टेप फिरवली. चिंध्या सोडवल्या, जखम पुसली, नव्या ठेवल्या. किळस आली. दर वेळी यायची. ती शेवटपर्यंत गेली नाही. पण हात थांबला नाही. जानकी म्हणाली, "जमला गे तुका." सुगंधाने दातांत टाचण्या धरल्या होत्या, म्हणून तिला उत्तर द्यावं लागलं नाही.

लग्न झालं. हॉलमध्ये जानकीच्या आजूबाजूच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या झाल्या. सगळ्या भरजरी, अत्तर लावलेल्या बायका काहीतरी निमित्त काढून उठत होत्या. सुगंधा ताट घेऊन तिच्या शेजारी बसली आणि तिथेच जेवली. ताट स्वच्छ केलं. धोंडू दारात उभा राहून पाहुण्यांना गुलाबपाणी शिंपडत होता.

जानकी गणपतीच्या आधी गेली. कपाट आवरताना खालच्या खणात एक लहानशी गोधडी निघाली, पांढऱ्या अस्तराची, बारीक टाक्यांची. म्हणजे कुंदाच्या पोरांच्या गोधडीचं बोलणं खोटं नव्हतं. मऊ तुकड्यांतले चांगले तिने गोधडीला ठेवले होते, आणि उरलेले स्वतःला.

धोंडूकडे सुगंधा पुन्हा जेवली नाही.

मुलुंडच्या खोलीला आता वेगळाच पुठ्ठा लागला होता. नवीन गिऱ्हाईक वाचायचं आणि थबकायचं. 'मापाचा ब्लाऊज धुऊन आणू नये. अंगातला आणावा.' पिशवी आली की सुगंधा पट्टी शोधत नसे. ब्लाऊज दोन्ही हातांनी उलटा करायची, खिडकीच्या उजेडात दोन्ही कटोऱ्या बघायची, आणि मग, बायका बघत असताना, सरळ नाकाशी धरायची. कुठे डाग दिसला की प्रश्न सुरू. हा कसला? दूध का? दुखतं का? नाही दुखत? मग चल. बहुतेक वेळा डाग कढीचा निघायचा, नाहीतर हळदीचा. इस्पितळापर्यंत ओढत नेलेल्या बायकांच्या गाठी बहुतेक साध्या निघायच्या, आणि त्या बायका रिक्षाचे पैसे गेले म्हणून तिला शिव्या घालायच्या. कुणाकुणाचं तसं निघायचं नाही. त्या शिव्या घालत नसत.

गिऱ्हाइकं कमी झाली. सोसायटीतल्या एका मास्तरणीने तर तोंडावर सांगितलं. तिचा ब्लाऊज सुगंधाच्या नाकाशी होता, आणि मास्तरीण तोंडाला रुमाल लावून मागे सरली.

"शी! काय हे, सुगंधाबाई? किळस नाही येत तुम्हाला?"

"येते की," सुगंधा म्हणाली आणि ब्लाऊज दुसऱ्या बाजूला उलटा केला. "हा धुतलाय तुम्ही. उद्या न धुतलेला आणा."